डोक्यातून आणलेला पेपर

कॉपी म्हटलं की लोकांना खिशातल्या चिठ्ठ्या आठवतात, खिडकीतून आत येणारे कागदाचे बोळे आठवतात. असली कॉपी मी जन्मात केली नाही, आणि पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं तेव्हा कुणाची खपवूनही घेतली नाही. मी केलं ते निराळं होतं. एका बड्या अमेरिकन परीक्षेचा अख्खा पेपर मी डोक्यात भरून मुंबईहून नाशिकला आणला आणि तो दुसऱ्यांच्या घशात घातला. चाळीस वर्षं झाली, तरी ही गोष्ट निघाली की माझा आवाज चढतो. चढू दे.

ऐंशीनंतरची पहिली दोन-चार वर्षं. मी गणित घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. आम्ही नाशिकरोडला बौद्ध वस्तीत दोन खोल्यांत राहायचो. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. ते नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमध्ये कामगार होते. सुटी झाली की गेटवर रोज झडती, डबा उघडून दाखवायचा, खिसे उलटे करायचे. छापताना फाटलेला कागदसुद्धा आत परत द्यावा लागायचा. इतरांना त्या झडतीची लाज वाटायची. नानांना नाही. आपल्याकडे काही नाही हे रोज सिद्ध होतं, यात त्यांना मान वाटायचा.

माझं पाठांतर दांडगं होतं. त्यात दैवी देणगी वगैरे डोंबल काही नव्हतं. घरात पुस्तकं नव्हती, एवढंच. मैत्रिणीचं पुस्तक संध्याकाळी आणायचं आणि सकाळी परत द्यायचं, मग मधल्या वेळात ते डोक्यात उतरवण्यावाचून इलाज काय? शाळेपासून तेच चाललं होतं. पुढे पुढे एकदा नीट वाचलेलं पान ओळींसकट डोळ्यांपुढे उभं राहायला लागलं.

कॉलेजच्या वाचनालयात मला एका अमेरिकन विद्यापीठाचं माहितीपत्रक सापडलं. मी गणित विभागाला पत्र टाकलं आणि चक्क उत्तर आलं. हिंदुस्थानातून ते दरवर्षी एकच विद्यार्थी घेत. फी माफ, वर खालच्या वर्गांना शिकवण्याचा पगार. अर्ज चांगला आहे, प्रवेश परीक्षेचे मार्क पाठवा, असं त्यांनी लिहिलं होतं. ते पत्र नानांनी वंदनेच्या पुस्तकात ठेवलं. वस्तीतलं कुणी तोवर मुंबईपलीकडे शिकायला गेलं नव्हतं. मी जाणार हे नानांनी त्याच दिवशी धरून टाकलं, आणि खरं सांगायचं तर मीही.

त्या परीक्षेची तयारी करून घेणारा एकच क्लास होता, रविवार कारंजाजवळ, एका कापडदुकानाच्या माडीवर. सर स्वतः मुंबईच्या पुढे कधी गेले नव्हते, पण लोकांना अमेरिकेला पाठवायचं दुकान त्यांनी झकास थाटलं होतं. फी आमच्या आवाक्यातली नव्हती. मी तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी गंमत म्हणून एक इंग्रजी पान वाचायला दिलं आणि पुस्तक मिटून म्हणायला लावलं. मी धडाधडा म्हणून दाखवलं. फी तिथल्या तिथे माफ झाली. वर सर म्हणाले, तुमच्यात एवढं पाठांतर असतं हे ठाऊक नव्हतं. 'तुमच्यात' म्हणजे काय हे मला कळलं. कळून गिळलं, कारण गरज माझी होती.

क्लासची एक रीत होती. परीक्षेला जाणाऱ्या मुलांनी प्रश्न वाटून घ्यायचे. कुणी एक ते दहा, कुणी अकरा ते वीस. आपले दहा ध्यानात ठेवायचे आणि परत आल्यावर सरांसमोर बसून लिहून द्यायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. आपल्याकडे विद्यापीठाचे मागच्या पाच वर्षांचे पेपर स्टेशनरीच्या दुकानात उघड मिळतात, दोरीला लटकवलेले असतात. जुना पेपर म्हणजे अभ्यासाचं साधन, अशीच आमची समजूत. अमेरिकेचे लोक तोच पेपर पुन्हा काढतात आणि म्हणून तो गुपित असतो, हे आमच्या डोक्यातच येईना. सरांच्या मात्र आलं होतं.

परीक्षेच्या वेळी एक परिच्छेद स्वतःच्या अक्षरात उतरवून खाली सही करावी लागे. प्रश्न कुणाला सांगणार नाही, अशा अर्थाची ती शपथ होती. त्याबद्दल सरांनी वर्गात एकच सूचना दिली: "तेवढं सुवाच्य काढा. त्याला मार्क नसतात." आम्ही हसलो. ऑक्टोबरात मुंबईच्या त्या हॉलमध्ये बसून मी ती शपथ इतक्या वळणदार अक्षरात उतरवली, की पर्यवेक्षक बाई वाकून बघून गेल्या.

मला दहा प्रश्न नव्हते दिले. सर म्हणाले होते, तुला जमेल तेवढं आण. मला कुणी असं म्हटलं की मी चेकाळायची. पुस्तिकांची सीलं आमच्यासमोर कात्रीने कापली, शेवटी पुस्तिका मोजून परत घेतल्या. आणि मी दाराबाहेर पडले ती पेपरचे दोन्ही भाग, इंग्रजी आणि गणित, डोक्यात घेऊन. परतीच्या गाडीत डोळे मिटून पुटपुटत होते, तर शेजारच्या आजी विचारतात, कुणाचा जप करतेस गं? दुसऱ्या दिवशी माडीवर तीन तास बसून मी सगळं लिहून काढलं. व्हेलच्या तेलाच्या दिव्यांवरचा उतारा होता, तो स्वल्पविरामांसकट. सरांनी स्टेन्सिल कापली, सायक्लोस्टाइल केलं. पुढे प्रत्येक तासाला ते प्रती वाटायचे आणि तास संपला की एकूण एक परत घ्यायचे. त्या अमेरिकेवाल्यांपेक्षा ह्यांचा बंदोबस्त पक्का होता.

माझे मार्क उत्तम आले. विभागाने लिहिलं, आम्ही खूश आहोत, निर्णय एप्रिलमध्ये. नाना प्रेसमधून येताना दर दोन दिवसांनी पोस्टात डोकावायला लागले.

डिसेंबरात क्लासची सहा मुलं त्याच परीक्षेला गेली. त्यात एका डॉक्टरांचा मुलगा होता. कॉलेजरोडला बंगला, स्वभावाने गोड, अभ्यासात बेताचा. परत आल्यावर तो पेढ्यांचा पुडा घेऊन क्लासात आला आणि पहिला पेढा माझ्यासमोर धरला.

"तुझाच पेपर आला गं. शब्दन् शब्द."

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. मला पहिल्यांदा अभिमान वाटला. एकही शब्द चुकला नव्हता माझा! पेढा तोंडात घातला. तो विरघळेपर्यंत हा पोरगा पुढे बोलत होता, की तुझ्या माहितीपत्रकावरून मीही पत्ता उतरवून घेतला होता, त्याच विभागाला अर्ज करतोय, बघू दोघांपैकी कुणाचं होतं. घेणार एकालाच, आणि मार्क बघून. मी तीन तासांत धडपडत सोडवलेला पेपर ह्याने दोन महिने घोटून, उत्तरं पाठ करून सोडवला होता. आणि तो मी वाढून दिला होता, माझ्या हाताने, फुकट.

सगळ्यात जास्त राग कुणाचा आला? त्या पोराचा नाही. परीक्षा घेणाऱ्यांचा. सातासमुद्रापार बसून त्यांना काय वाटलं, नाशिकच्या पोरांना तोंडं नाहीत? एकाच शहरात दोन महिन्यांत तोच पेपर? आपल्या देशात त्यांनी हे धाडस केलं असतं का, कोण जाणे. आमच्यासाठी कालची भाजी फोडणी देऊन पुन्हा वाढली, आणि वर कात्रीने सील कापायचं नाटक. ऑक्टोबरात प्रामाणिकपणे बसलेला माझ्यासारखा प्रत्येक जण त्यांनी बुडवला, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

घरी जाऊन नानांना सगळं सांगितलं. कागद बाहेर गेला, ही गोष्ट त्यांना आमच्या कुणाहीपेक्षा जास्त लागली. मग म्हणाले, त्यांना कळवायला पाहिजे. ते पुन्हा परीक्षा घेतील, सगळ्यांची, तुझीबी, त्या पोरांचीबी. मला ते पटलं. नव्या पेपरवर मी त्या सहा जणांना धूळ चारली असती, याची मला खात्री होती. मी पत्र लिहायला घेतलं आणि वाचून दाखवलं. क्लासचं सगळं होतं, फक्त पेपर कुणी आणला ते मी मोघम ठेवलं होतं. नानांनी ते बरोब्बर पकडलं.

"लिहायचं तर पुरं लिही. आपण केलं तेबी लिही. अर्धं खरं लय वाईट असतं."

मी पुरं लिहिलं. पण पुरावा काय द्यायचा? सरांकडची प्रत मिळणं शक्य नव्हतं. मग मी जी अक्कल चालवली तिला तोड नाही. मी तो सबंध पेपर पुन्हा आठवून लिहिला, अठरा पानं, आणि पत्राला जोडला. बघा, तुमचा पेपर इतका फुटलाय, असं दाखवायला. पाकिटावर तिकिटं नानांनी स्वतः चिकटवली.

मार्चमध्ये उत्तर आलं. नानांनीच पोस्टातून आणलं आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. पत्र एका पानाचं होतं, फार सभ्य. कळवल्याबद्दल आभार मानले होते. मग लिहिलं होतं, की स्वतःच्या हस्ताक्षरात दिलेला शब्द आपण मोडल्याचं आपणच मान्य केलं आहे, सोबतच्या अठरा पानांवरून ते सिद्धही होतं, सबब आपले मार्क रद्द करण्यात येत आहेत. विद्यापीठाला तसं कळवलं आहे. इतर परीक्षार्थींबाबत आपल्या सांगण्यापलीकडे पुरावा नाही, म्हणून त्यांच्यावर कारवाई करता येत नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. मी काही संन्यासी नव्हते, पेपर मीच फोडला होता. पण फोडलेला पेपर ज्यांनी खाल्ला त्यांना ढेकरही द्यावा लागला नाही, आणि ज्याने विकला तो माडीवर नवीन बॅच घेत होता. मी सरांकडे जाऊन तोंड सोडलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, हात दाखवून अवलक्षण केलंस, त्याला मी काय करू. पण ते नंतर. त्या क्षणी नाना समोर बसले होते.

"काय म्हणतात?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं, हे मला स्वच्छ दिसत होतं. पुरं लिही असं आपण म्हणालो म्हणून पोरीचं गेलं, हे त्या माणसाने मरेपर्यंत उगाळलं असतं. आणि रागही होता. नानांवरच होता. त्या गेटवरच्या झडतीने त्यांना असं वाटायला लागलं होतं, की खिसे उलटे करून दाखवले की माणूस सुटतो.

"मार्क कमी पडले, नाना," मी म्हटलं. "नाही होणार माझं."

"आन् तक्रारीचं?"

"चौकशी करतो म्हणालेत."

"बघ. कळवलं ते बरं झालं," नाना म्हणाले, आणि पाय मोकळे करायला बाहेर गेले.

एप्रिलमध्ये विभागाचं दोन ओळींचं पत्र आलं, तेही मी नानांना असंच मोडून-तोडून वाचून दाखवलं. मे महिन्यात डॉक्टरांच्या मुलाच्या अभिनंदनाची पाव पानाची जाहिरात गावातल्या पेपरात आली. मी बी.एड. केलं, शाळेत लागले. नाना वस्तीत सगळ्यांना सांगायचे, आमच्या पोरीचे मार्क थोडक्यात कमी पडले. न लाजता सांगायचे. कमी पडणं हे त्यांच्या लेखी प्रामाणिक होतं.

आठ-दहा वर्षांनी कॉलेजने परदेशात नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार ठेवला. नाना तोवर रिटायर झाले होते. मला जायचं नव्हतं, त्यांनी हट्ट धरला. डॉक्टरांचा मुलगा सुटात आला होता, तिकडे प्राध्यापक झाला होता. मुलांना त्याने सांगितलं, मेहनतीला पर्याय नाही. मी पदर मुठीत आवळून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर मी दाराकडे वळले, तर नाना स्टेजच्या पायऱ्यांशी. हात जोडून त्याच्याशी बोलत होते. मी धावतच गेले.

"आमची पोरगी तुमच्याच संगं होती परीक्षेला, साहेब," नाना सांगत होते. "तिचं थोडक्यात राह्यलं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं आठवत होतं, माझ्या पेपरसकट. मी आता काय बोलते याची तो वाट पाहत राहिला. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल पडला आणि तो म्हणाला, "नशीब असतं हो काका. फार हुशार होती ती."

"नशीब नाय ओ," नाना म्हणाले. "खोटं कशाला बोलू? अभ्यास कमी पडला तिचा."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "काय गं, खरं ना?"

मी मान हलवून हो म्हटलं.