उन्हाळी आणि जंतूंचे केस

जंतूंना केस असतात, हे मी अमरावतीच्या कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवत आले. फळ्यावर एक लांबट गोळी काढायची, तिच्या अंगावर बारीक रेघा ओढायच्या आणि एक-दोन लांब शेपट्या जोडायच्या. रेघा चिकटायला, शेपट्या पोहायला. मुली ते उतरवून घेत, परीक्षेत तसंच्या तसं लिहीत आणि मी मार्क देई. एवढ्यावर सगळ्यांचं भागत होतं.

भागेनासं झालं ते धाकट्या बहिणीमुळे. ती अकोल्यात राहते आणि अकोटकडच्या एका गावातल्या शाळेत शिकवते. रोजचं अप-डाउन, एसटीने. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते आणि सहाव्या महिन्यात दुसऱ्यांदा उन्हाळी लागली होती. उन्हाळी म्हणजे लघवीला जळजळ. आमच्याकडे तिचं खापर उन्हावर फोडतात आणि धने-जिऱ्याचं पाणी देऊन मोकळे होतात. डॉक्टरीणबाईंनी मात्र स्पष्ट बजावलं होतं की औषध घ्या, भरपूर पाणी प्या. हे किडनीपर्यंत चढून ताप भरला तर बाळ वेळेआधी येऊ शकतं. सहाव्या महिन्यात वेळेआधी म्हणजे काय, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

औषध ती घेत होती. पाणी पीत नव्हती. कारण त्या शाळेतल्या शिक्षिकांचा एक नियम होता आणि नव्याने आलेल्या प्रत्येकीला तो पहिल्याच दिवशी मोठ्या बाई सांगत. मोठ्या बाई म्हणजे तिथल्या सगळ्यात जुन्या शिक्षिका, आता निवृत्तीला आलेल्या. "घरून निघताना दोन घोट प्याचं. मंग घरी गेल्यावरच." शाळेत स्वच्छतागृह आहे, पण तिथल्या नळाला पाणी येत नाही. एसटी वाटेत थांबते ती भर चौकात, चहाच्या टपरीसमोर. नियम तिथूनच आला होता, आणि हळूहळू त्यांना त्याचा अभिमानही वाटू लागला होता. मला या असल्या अभिमानाची भयंकर चीड येते. रविवारी अकोल्याला गेले तेव्हा मी बहिणीला चांगलं फैलावर घेतलं.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, एवढी धार वाहते, तरी ते जंतू वाहून काहून नाही जात?"

"चिकटतात," मी म्हटलं.

"चिकटतात म्हंजे कसे?"

फळ्यावरच्या रेघांपलीकडे माझ्याजवळ काही नव्हतं.

मग मी तिच्या लघवीचा नमुनाच घेऊन निघाले. थर्मासमध्ये बर्फ, बर्फात बाटली. बडनेऱ्याच्या गाडीत शेजारच्या बाईंनी थर्मासकडे बघून विचारलं, "ताक आहे काय वो?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यातले जंतू वाढवले. हे केस इतके बारीक असतात की आमच्या सूक्ष्मदर्शकातून ते दिसणं शक्यच नाही. पण त्यांची पकड दिसू शकते. काचेच्या पट्टीवर जंतूंचा एक थेंब टाकला, त्यात पावाचं यीस्ट कालवलं आणि पट्टी हलवत बसले. बघता बघता दूध नासल्यासारख्या गुठळ्या झाल्या. जंतूंनी यीस्टला धरलं होतं. दुसऱ्या पट्टीवर आधी मॅनोज नावाची साखर घातली, तर काहीच झालं नाही. म्हणजे त्यांना हवी असते ती ही साखर. ती यीस्टच्या अंगावर असते आणि आपल्या मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावरही. त्या गुठळ्या बघून मला आनंद झाला आणि लगेच स्वतःचा राग आला. बहिणीच्या पोटातल्या बाळाच्या जिवावर उठलेली गोष्ट होती ती, आणि मी पट्टी उजेडात धरून बघत बसले होते.

पण कुतूहल काही राहू देईना. वाचत गेले. तो केस मुळाकडून वाढतो, टोक सगळ्यात आधी बाहेर येतं. प्रथिनाचे मणी एकामागून एक जोडले जातात. प्रत्येक मणी अपुरा असतो, त्याला एक खाच असते. मागून येणारा मणी आपली शेपटी त्या खाचेत अडकवतो तेव्हा पुढचा पुरा होतो. असा विणलेला दोर वेटोळं घालून बसतो. लघवीची धार आली की जुन्या टेलिफोनच्या वायरसारखा तो उलगडत लांब होतो, तुटत नाही. आणि टोकाला साखर धरणारा जो आकडा असतो, त्याची तर कमालच. त्याला जितकं ओढावं तितकी त्याची पकड घट्ट होते. धार थांबली की ती सैल पडते.

हे मी भारावून जाऊन बहिणीला फोनवर सांगितलं.

"म्हंजे मी पानी पीत नाही, तेच बरं करून राहिली ना! धारच नसली त ते घट्ट धरतीन काहून?"

शिकवायला गेले आणि तिचा हट्ट पक्का करून बसले. आता त्या पोरीला ताप भरला तर काय, या विचाराने मला अन्न गोड लागेना. डोक्याला भुंगा लागल्यासारखी मी उत्तर शोधत राहिले.

उत्तर निघालं ते आपल्याच किडनीत. सैल पडलेले जंतू गप्प बसत नाहीत, शेपट्या हलवत वर सरकू शकतात. म्हणून धार थांबलेलीही बरी नाही. आणि आपली किडनीसुद्धा धागे तयार करून लघवीत सोडत असते. त्या धाग्यांवर तीच साखर असते. जंतू फसतात, अस्तराऐवजी या धाग्यांना मिठी मारतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या धारेबरोबर बाहेर पडतात.

"आपलं शरीरबी केस सोडते?" बहिणीने विचारलं.

"तसंच समज. पण बाहेर न्यायला धार लागते."

ती म्हणाली, "उद्यापासून बाटली नेते."

पुढच्या आठवड्यात मला सुट्टी होती, म्हणून मी तिच्यासोबत शाळेत गेले. परतीची एसटी गच्च भरलेली. अर्ध्या वाटेत बहीण उठून उभी राहिली आणि म्हणाली, "गाडी थांबवा."

"मॅडम, इथं स्टॉप नाही," कंडक्टर म्हणाले.

"मले लघवीले जायचं आहे. थांबवा."

गाडीतल्या सगळ्या माना वळल्या. माझेच कान तापले, मी जंतूंची मास्तरीण असून! एसटी थांबली. रस्त्यालगतच्या घरासमोर एक बाई तूर निवडत बसल्या होत्या. बहिणीने त्यांना विचारलं, त्यांनी मागच्या बाजूला बोट दाखवलं. मी वळून पाहिलं तर तिच्या शाळेतल्या दोन शिक्षिका उतरून आमच्यामागे येत होत्या. सगळ्यात शेवटी, पदर सावरत, मोठ्या बाई. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही. पुढे त्या घराशी गाडी न सांगताही थांबू लागली.

उन्हाळी परत लागली नाही. दिवस पुरे भरून मुलगी झाली. मोठ्या बाई झबलं घेऊन बघायला आल्या तेव्हा मी तिथेच होते. बहीण आत झोपली होती. त्यांनी बाळाला मांडीवर घेतलं, टोपडं नीट केलं.

"तुमच्या बहिणीनं सांगतलं मले," त्या म्हणाल्या, "आपलं शरीर धागे सोडते म्हनून. खरं काय ते?"

"खरं आहे."

"माहं पहिलं सातव्यात गेलं. अशीच उन्हाळी होती, मंग ताप आला." त्या बाळाकडेच बघत होत्या. "माह्या शरीरानं नसतीन सोडले काय ते धागे?"

"सोडले होते, मॅडम. नक्की सोडले होते," मी म्हटलं. पाण्याचा विषय मी काढला नाही.