कंदिलाची पिशवी

विज्ञान संग्रहालयाच्या तळघरातल्या कार्यशाळेत मावशींनी एकतीस वर्षांत जे जे घडवलं, त्यातलं काहीही आजवर कलंडलं नव्हतं. म्हशीएवढी माशी वरच्या मजल्यावर सहा पायांवर ठाम उभी होती. माणसाचा कान खोलीएवढा होऊन भिंतीला टेकला होता. हत्तीचं जठर तर इतकं ऐसपैस आणि भक्कम होतं की दुपारी पहारेकरी त्यात अंग टाकायचा. मावशींची पद्धत ठरलेली होती. आधी सळ्यांचा सांगाडा, मग तोल, मग माती, साचा, प्लास्टर, आणि डोळे अगदी शेवटी. आधी डोळे लावले की प्राणी आपल्याकडे टक लावून बघतो आणि काम सुचत नाही, असं त्यांचं म्हणणं.

निवृत्तीला पाच महिने उरले असताना साहेबांच्या डोक्यात नवं दालन आलं. साहेब म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. माणूस भला, पण कल्पना सुचली की दोन दिवस जमिनीवर नसायचा. खोल समुद्राच्या तळाशी नसलेला, पण असू शकेल असा एक प्राणी बनवायचा. अट एकच होती. विद्यापीठातल्या प्राध्यापकबाई येऊन प्रत्येक अवयवाकडे बोट दाखवून 'का' विचारणार, आणि त्यांना पटलं तरच प्राणी दालनात जाणार.

प्राण्याचं नाव पडलं कंदील, कारण त्याच्या पाठीवर उजेडाच्या गाठी होत्या. जबडा मोठा, कारण तळाशी अन्न क्वचित मिळतं आणि मिळेल ते मावलं पाहिजे. हाडं हलकी. डोळे बशीएवढे. कागदावर सगळं ठरलं आणि गाडी पिल्लांपाशी अडली.

"त्यात काय मावशी," साहेब म्हणाले, "तसा एक मासा आहेच. नर एवढासा, मादीला चिकटतो तो कायमचा. आपणही एक चिकटवून देऊ."

"तो समुद्रानं केलाय की आधीच. नक्कल करायला मी कशाला हवी?"

"मग अंडी न दाखवलेलीच बरी. मुलं नको ते विचारतात."

"ज्याच्या पिल्लांचा पत्ता नाही त्याला मी प्राणी म्हणत नाही, साहेब. खेळणं हवं असेल तर बाजारात मिळेल."

साहेब वर गेले. वर जाणं हा त्यांचा वाद जिंकायचा प्रकार होता.

मावशींनी आठ दिवस विचार केला. तळाशी अंधार, म्हणजे जोडीदार भेटणं मुश्कील. अन्न कमी, म्हणजे लाखो अंडी उधळणं परवडायचं नाही. अंडी थोडी, मोठी, प्रत्येकात पिल्लाचा डबा भरलेला. मादी अंड्यांची माळ देणार आणि अन्न शोधायला निघून जाणार. सांभाळणार नर, पोटाखालच्या पिशवीत. आणि उपासानं एखाद्या नराला ओझं पेलवेनासं झालं, तर तो माळ दगडाला अडकवून जाणार. पुढे जो नर तिथून जाईल, तो ती उचलून आपल्या पिशवीत घालणार.

इथपर्यंत येऊन मावशी थांबल्या. हे आपल्याला कुठून सुचलं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांची बहीण गेली तेव्हा भाची तीन वर्षांची होती. एका पिशवीत तिचे चार कपडे होते, त्या पिशवीसकट ती घरी आली आणि राहिलीच. मावशींचे हात कायम प्लास्टरनं भरलेले, म्हणून वेण्या घालायचं काम यजमानांकडे गेलं. ते शिलाई मशीन दुरुस्त करायचे. केसांचा गुंता सोडवायला तेवढा अनुभव पुरला. शेजारणी मात्र बरीच वर्षं म्हणत राहिल्या, "तुमचं स्वतःचं झालं की कळेल फरक." स्वतःचं झालं नाही. फरकही कळला नाही.

साहेबांनी मातीची पिशवी बघितली आणि कपाळाला हात लावला. "दुसऱ्याची अंडी फुकट कोण सांभाळतं? शास्त्रात बसत नाही हे. बाई आपल्याला धारेवर धरतील."

हे मात्र मावशींना लागलं, कारण प्रश्न बरोबर होता. आपल्या मनात आहे म्हणून समुद्राच्या तळाशी असेल असं नाही. संध्याकाळी त्यांनी भाचीला गाठलं. भाची आता ग्रंथपाल होती आणि कुठलंही पुस्तक न मागता आणून देणं हा तिचा छंद होता. तिसऱ्या दिवशी ती एक जाडजूड पुस्तक घेऊन हजर झाली.

"मावशी, हे बघ. काही माशांत नर दुसऱ्याची अंडी खरंच राखतात. कारण ज्याच्याकडे आधीच अंडी आहेत, त्याच्याकडेच माद्या जातात."

"का गं?"

"हा सांभाळणारा आहे, अशी त्यांची खात्री पटत असावी."

मावशींनी पुस्तक मिटलं. म्हणजे कंदिलाच्या अंड्यांना मंद उजेड हवा. भरलेली पिशवी अंधारात लांबून दिसणार, मादी येणार, आपली माळ त्यात घालणार, नराला स्वतःची पिल्लंही मिळणार. फुकट काहीच नाही. शास्त्र खूश.

"पोर सांभाळणारा पुरुष दिसला की बायका लांबून येतात म्हणे," यजमान चहाचा कप शोधत म्हणाले. "आम्ही बारा वर्षं वेण्या घातल्या."

"मग किती आल्या?"

"एक होती, ती घरातच होती. लक्ष नव्हतं तिचं."

पिशवी ओतली गेली, आत दुधी काचेची एकोणीस अंडी बसली. साहेबांनी कारण ऐकलं, मान डोलावली आणि तरी लेखी आदेश पाठवला: पिशवी कापून टाकावी, विषय नाजूक आहे.

मावशींनी आदेश वाचला, घडी घातली आणि डगमगणाऱ्या स्टुलाखाली सरकवली. स्टूल डगमगायचं थांबलं. "ज्याला कापायची त्यानं कापावी," त्या म्हणाल्या. "मी करवत धरणार नाही."

परीक्षणाच्या दिवशी सकाळी सुतारानं करवत धरली. साहेब शेजारी उभे. मावशी स्टुलावर बसून चहा पीत होत्या. पिशवी सुटली, सुतारानं ती खाली ठेवली, आणि कंदिलानं एक क्षण विचार केल्यासारखं करून नाकावर लोटांगण घातलं. सात दात फरशीवर पसरले.

"मावशी, हे काय?"

"तोल पिशवीत होता. जबडा एवढा जड, त्याला खाली वजन नको?"

"तुम्ही हे मुद्दाम केलंत."

"एकतीस वर्षं मी सगळं मुद्दामच करतेय, साहेब. पगार त्याचाच मिळतो."

प्राध्यापकबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणालाच कळलं नाही. त्यांनी दात ओलांडले, कापलेली जागा पाहिली आणि विचारलं, "इथे काय होतं?"

मावशींनी पिशवी उचलून टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. माळ, दगड, उजेड, माद्या. बाईंनी अंडी मोजली.

"यात त्याची स्वतःची किती?"

"त्याला माहीत नाही."

"कसं माहीत नसेल?"

"अंधार असतो, बाई."

"आणि कळलं तर?"

"कळून काय करणार? पिशवी एकच आहे."

बाईंनी पिशवीची कापलेली कड बोटानं चाचपली. मग साहेबांकडे वळून म्हणाल्या, "हा अवयव मला 'का' न विचारताच पटला. परत बसवा."

दालन उघडायच्या आदल्या दिवशी साहेबांनी फलक लावून घेतला. हार मानली तरी शेवटचा शब्द आपला हवा, हा त्यांचा जुना आजार. पिशवीपाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: 'स्वतःची व परकी अंडी'.

मावशींनी साचे खरवडायची सुरी घेतली आणि भर दुपारी, पहारेकऱ्यादेखत, पहिले तीन शब्द घासून काढले. हात पुसायच्या आत साहेब आले.

"हे कुणी खरवडलं?"

"मी."

साहेबांनी फलकाकडे पाहिलं. उरलेला एक शब्द वाचायला त्यांना बराच वेळ लागला. मग ते वर गेले. मावशींनी सुरी पदरानं पुसली, खोक्यातून दोन बशीएवढे डोळे काढले आणि शेवटी ते बसवले.