समोरची भिंत

राज्याच्या अर्थसंकल्पाच्या आदल्या दिवशी मुंबईहून आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कचा फोन येतो. घरकुलांसाठी किती तरतूद झाली, हे त्यांना दुसऱ्या दिवशी विधानभवनातून कळणारच असते. पालघरमधून त्यांना हवा असतो एक माणूस. शक्यतो बाई, घरासमोर उभी, घर कच्चे. एवढ्या वर्षांत या कामाची मला इतकी सवय झाली आहे की वहीत अशा घरांची वेगळी यादी असते. ज्यांना घरकुल मिळते, त्यांची नावे मी खोडतो. खोडलेली नावे फार नाहीत.

त्या वर्षी मी मासवणच्या पुढच्या एका पाड्यावरची बाई निवडली. चार जणांचे घर, कुडाच्या भिंती, वर जुने पत्रे. नवरा बोईसरला इमारतींच्या कामावर बिगारी. ज्या इमारतीवर तो तेव्हा होता, तिच्या फलकावर ‘परवडणारी घरे’ असे लिहिले होते. मी बाईंना फोन केला आणि उद्या फोटो काढायला येतो, असे सांगितले. फोन करूनच जायचे, अचानक दारात उभे राहायचे नाही, हे मला पहिल्या नोकरीत शिकवले होते.

सकाळी पोहोचलो तर समोरची भिंत गुळगुळीत होती. कामावर उरलेले सिमेंट नवऱ्याने पिशवीतून आणले होते आणि संध्याकाळभर बसून दोघांनी कूड दर्शनी बाजूने लिंपून काढला होता. वर फिकट निळा रंग, तोही कामावरचाच. अंगण सारवलेले, दाराशी शेजारून मागून आणलेली प्लॅस्टिकची खुर्ची. बाजूला जाऊन पाहिले तर बाकीच्या तीन भिंतींच्या काटक्यांमधून आतली चूल दिसत होती.

हे कशाला केले, असे मी विचारले. माझा स्वर थोडा चढला असावा.

“भाऊ, तुमी येनार म्हनून केला,” बाई म्हणाल्या. “पेपरात घर येनार, तं असाच दावू का? लोक काय म्हनतील, या घरात बाय नाय?”

नवरा मागून म्हणाला, “आता पेपरवालेच म्हनतील, हिला घर हाय, दुसरा कशाला.” दोघे हसले. मीही हसलो.

फोटो मी जवळून काढला, भिंत चौकटीत येणार नाही असा. बातमी छापून आली. तरतूद वाढल्याचे वर होते, बाईंचा चेहरा खाली. माझे काम संपले होते.

त्याच आठवड्यात पाड्यावर घरकुलाचे सर्वेक्षण आले. मोबाइलमधल्या ॲपवर घराचा एक फोटो, समोरून, दारात घरातले कोणीतरी उभे. सर्वेक्षण करणाऱ्याला दिवसाला बरीच घरे करायची होती. तो मागे गेला नाही. बाईंनीही त्याला मागे नेले नाही. पाहुण्याला घराची मागची बाजू दाखवायची त्यांच्याकडे रीत नाही.

यादी लागली तेव्हा त्यांचे नाव अपात्रांमध्ये होते. बाईंचा फोन आला. तक्रारीचा सूर नव्हता, त्यांना फक्त कारण हवे होते. मी पंचायत समितीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कर्मचाऱ्याने संगणकावर फोटो उघडला आणि पडदा माझ्याकडे वळवला.

“साहेब, तुम्हीच सांगा. तुम्ही माझ्या जागी असता तर हे घर कच्चे लिहिले असते?”

निळी भिंत, सारवलेले अंगण, दारात बाई, नव्या लुगड्यात. भिंत कोणासाठी लिंपली होती, हे मी त्याला तेव्हा सांगितले नाही. दुसऱ्या खेपेला सांगितले. तो माणूस वाईट नव्हता. त्याने फेरपडताळणीचा अर्ज कसा करायचा ते समजावले आणि जाताना एक सूचना केली: समोरचे सिमेंट काढून टाका, मग पडताळणी होईपर्यंत घराला हात लावू नका म्हणावे.

नवऱ्याने एका रविवारी सिमेंट खरवडून काढले. त्याबरोबर मूळची मातीही आली. समोरची भिंत आधी होती त्याहून वाईट झाली, आणि ती तशीच ठेवायची होती.

पडताळणी पुढच्या महिन्यात होती. मग अधिकारी निवडणुकीच्या कामावर गेले. मग नवीन अधिकारी आले आणि त्यांनी सगळे अर्ज पुन्हा मागवले. मधल्या काळात पुरवणी मागण्या आल्या, त्यातही घरकुलांसाठी तरतूद होती. मी तीही बातमी दिली. किती घरकुले मंजूर करायची याचे नवे उद्दिष्ट जिल्ह्याला कधी येणार, याचे उत्तर तीन कार्यालयांत तीन प्रकारे मिळाले. तिन्ही मी वहीत लिहून घेतली.

दिवाळीला पाड्यावरची सगळी घरे सारवली गेली. एकच राहिले. मी गेलो तेव्हा शेजारीण बाईंना माझ्यादेखत म्हणाली, “वयनी, सरकार तुला घर देईल तवा देईल, तवर आमाला हा उकिरडा बघाया लावतेस.” भिंतीला जिथे फार मोठे भोक होते, तिथे बाईंनी सिमेंटची रिकामी गोणी टांगली होती. पडताळणीला कोणी आले तर ती काढता येत होती.

मार्गशीर्षात त्यांचा फोन आला. त्यांच्या मुलीला पाहायला रविवारी दांडी गावाकडची माणसे येणार होती. मुलगी बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला जात होती, तिथल्याच ओळखीतून स्थळ आले होते. बाईंना एवढेच विचारायचे होते की पडताळणीचे साहेब रविवारच्या आत येतील का.

मी कार्यालयात फोन लावला. पडताळणीचे वेळापत्रक लागलेले नव्हते. अर्ज क्रमाने घेणार, आणि नंतर भिंत पुन्हा लिंपलेली सापडली तर अर्ज फेटाळावा लागेल, असे त्या कर्मचाऱ्याने सांगितले. तो हे नाइलाजाने सांगत होता, हे कळत होते.

मी ते बाईंना जसेच्या तसे सांगितले. कमी केले नाही, वाढवले नाही. मुलाकडची माणसे दुसरीकडे, एखाद्या नातेवाइकाकडे बसवता येतील का, असेही विचारले.

“दुसऱ्याच्या घरी बसवून पोर दावू?”

मी वही मिटली.

“तुमी लिवा काय लिवायचा ते,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज दमलेला होता, पण शांत होता. “मी उद्या माती आनते. घर येयाचा तवा येईल, मानसं रविवारी येतात.”

मी बरे म्हणालो. अर्जाचे काय करू, असे विचारायचे होते, पण त्यांनी फोन ठेवला होता.