बाजेखालचं पेव

“तुमचं दुखणं छातीत नाई, बाजेखाली हाय,” असं वैद्यबुवा म्हणाले, तेव्हा मला वाटलं, म्हातारा सटकला.

तिकडे अमेरिकेत लढाई लागली आणि इकडे आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या भावाच्या जोरावर मी वलगावात एका कापूस-दलालाचं घर घेतलं. मिशीला पीळ देत राहायला आलो आणि पंधरा दिवसांत खोकू लागलो.

मग श्वास लागला. वैद्यबुवा त्याला तमक श्वास म्हणाले. म्हणजे छाती आवळते आणि आत शिटी वाजते. मला खरं दुःख गाण्याचं होतं. माझी मोट गाण्यावर चालायची. आवाज गेला, तसे बैल अडून बसले. गडी लावला, तर तो नुसत्या शिव्या द्यायचा.

अचलपूरला लेकीकडे आठ दिवस राहिलो आणि ठणठणीत झालो. परतलो, तर तिसऱ्या दिवशी पुन्हा शिटी. आमची गिरजा फुगली. “लेकीच्या हातचं मानवते, मग बायकोच्या हातचं काहून मानवत नाई?” दुखणाइताला स्वच्छ हवं म्हणून बिचारी रोज दोनदा माझ्या बाजेखाली सारवत होती.

हे ऐकून वैद्यबुवा घरीच आले. बाज सरकवून त्यांनी जमिनीवर काठी आपटली. पोकळ आवाज! उकरलं तर खाली पेव, धान्य साठवायचा खड्डा. दलालाने भाव आणखी चढेल म्हणून त्यात कापूस दडवला होता आणि तो तिथेच सडला होता. वर काळी-हिरवी बुरशी, गोधडीसारखी जाड.

“बाई, सारवणाचं पाणी तुमी हिलेच पाजून राहिल्या होत्या,” वैद्यबुवा म्हणाले. गिरजा आधी रडली, मग पोट धरून हसली.

तोंडाला फडकी बांधून गड्यांनी पेव उपसलं, वाळवलं, चुना-मुरुमाने बुजवलं. महिनाभर आम्ही अंगणात लिंबाखाली संसार केला. फार मजेत गेला तो महिना.

नव्या घरात श्वास लागला, तर आधी आठ दिवस दुसरीकडे राहून बघा. मी लाजेपोटी दोन महिने घालवले. स्वतः हौसेने घेतलेल्या घराला नावं कशी ठेवणार?

परवा मोटेवर पहिली ओळ म्हटली. आवाज फाटका, पण शिटी नव्हती. बैलांनी कान टवकारले आणि निघाले. भाकरी घेऊन आलेली गिरजा बांधावरच उभी राहिली. तिला बघून मी थांबलो.

“थांबू नका,” ती पदराने डोळे पुसत म्हणाली. “भाकर निवली तरी चालते आज.”