भांडण त्यांचं, भिंत आमची

ओतकामाच्या कारखान्यात मी वाळू ठोकायचो आणि रंध्या लाकडी पॅटर्न घडवायचा. पॅटर्न वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा, असं ते काम. तो बोलतानाही मुद्दा सोलून सोलून बारीक करायचा, म्हणून रंध्या. त्याच्या पॅटर्नला वाळू चिकटत नसे. हे मी सांगू शकतो. चिकटली असती तर डागडुजी मलाच करावी लागली असती.

कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी पत्रे, पाइप नेले. रंध्याने एका मोठ्या पंपाच्या कवचाचा पॅटर्न नेला. त्याचा शेवटचा. पूर्ण झाला होता, पण ओतायच्या आधीच भट्टी विझली. ताट वाढलं आणि जेवणाराच आला नाही.

पुढे रंध्याच्या मुलाचं लग्न झालं, खोलीत मधे भिंत आली आणि पॅटर्न आतल्या बाजूला अडकला. आडवा धरा, उभा धरा, दारातून निघेना. वहिनींनी त्यावर गाद्या रचल्या.

मग दोन पंप कंपन्यांचा दावा उभा राहिला. या कवचाचा आकार आधी कोणाचा, एवढाच वाद. रंध्या ना यांचा, ना त्यांचा. तरी एका बाजूने समन्स काढलं, पॅटर्न हजर करा. मी गेलो तेव्हा तो गाद्या उतरवून धूळ पुसत होता. म्हणाला, आता ओतून बघतील. ओतल्याशिवाय आकार कळतो का?

त्या बाजूचा वकील आला. कापून आणा म्हणाला. रंध्या पॅटर्नच्या आडवा उभा राहिला. मग वकील म्हणाला, भिंत फोडा, पुरावा देणं कर्तव्यच आहे. तेव्हा वहिनी बोलल्या.

"भांडण त्यांचं आणि भिंत आमची होय? सून कुठे झोपेल, तुमच्या बॅगेत?"

रंध्याने कोर्टात हेच सांगितलं, सुनेचं सोडून. न्यायाधीशांना पटलं. ज्याला पुरावा हवा, त्यानेच भिंत फोडण्याचा, पॅटर्न नेण्या-आणण्याचा आणि भिंत परत बांधण्याचा खर्च आधी भरायचा, असा हुकूम झाला.

पॅटर्न आम्ही दोघांनीच काढला. हमालांना त्याने हात लावू दिला नाही. माझी कमर अजून बोलते. कोर्टाने नेमलेल्या तज्ज्ञ बाईंनी कसल्याशा यंत्राने त्यावर उजेड फिरवला आणि मापं घेतली. दुपारच्या आत काम संपलं.

"ओतायचं कधी?" रंध्याने विचारलं.

बाई भल्या होत्या. त्यांनी समजावलं, ओतायची गरज नाही, मापं पुरेशी आहेत. मग रंध्या वकिलाकडे वळला. भिंत नको मला, तेवढ्या पैशात एकदा ओतून द्या, म्हणाला.

"हुकूम भिंतीचा आहे, आजोबा."

परतताना टेम्पोत तो पॅटर्नवर हात ठेवून बसला होता.

"रस आत जाताना आवाज कसा यायचा रे? मला आता नीट आठवत नाही."

मी तोंडाने काढून दाखवला. त्याने मान हलवली. तसा नव्हता.

गवंड्याने भिंत परत बांधायला घेतली तेव्हा रंध्याने त्याला थांबवलं आणि पॅटर्न सहज निघेल एवढं रुंद दार सोडायला लावलं. दाराचे पैसे कोण देणार, असं वहिनींनी विचारलं. हुकमात दार नव्हतं. चौकट त्याने घरच्या लाकडातून स्वतः केली. मी फळ्या धरल्या. एकही सांधा नखाला लागत नाही.