कोपऱ्यापर्यंतची ट्रायल

आटगाव स्टेशनबाहेरचा आमचा मेकॅनिक गाडी दुरुस्त झाली की कोपऱ्यापर्यंत ट्रायल मारायचा आणि "खोकत नाय आता" एवढंच बोलायचा. मी भर पावसात एकटाच मोटरसायकलवर गोव्याला निघतोय म्हटल्यावर मात्र तो खुळ्यासारखा हसला. "एकटाच? पावसात?" असं तीनदा विचारून ट्रायलला गेला, तो तीन तासांनी उगवला! अंगभर चिंब, चष्म्यावर चिखल, हँडलला मुरबाडच्या बाजारातल्या काकड्यांची पिशवी. मी रागानं तोंड उघडलं, तर त्यानं त्यात काकडीच कोंबली. किल्ली हातात देत म्हणाला, "मुरबाडपर्यंतचा पाऊस मी बगून आलो रे! पुढचा तू बगून ये, आन मला सांग."