पेडण्यात पारूमावशीने माझी चूक काढली, त्याची गोष्ट

‘आनंद’ या विषयावर अर्धा तास बोलाल का, असा फोन आला तेव्हा मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते आणि माझ्याकडे त्या क्षणी आनंद औषधालाही नव्हता. फोन गोव्यातून, पेडण्याजवळच्या एका गावातून होता. तिथे बायकांनी चालवलेलं छोटं वाचनालय आहे. ते सांभाळणाऱ्या रजनीने माझा हा ब्लॉग वाचला होता. “या ना बाई, तुमचं नाव ठरलं आणि सगळ्यांना इतकी उमेद झाली!” ती म्हणाली. एवढी आशा लावून बसलेल्या बायकांना नाही कसं म्हणायचं? मी हो म्हटलं. माझी नणंद शोभाताई शेजारीच बसली होती. तिने ‘गोवा’ एवढंच ऐकलं आणि माळ्यावरून बॅग काढली.

कोल्हापूरहून पणजीला जाणारी सकाळची एसटी आम्ही धरली. आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असं करत सहा तास धरून चाला. घाटात ज्यांच्या पोटात ढवळतं त्यांनी पुढची सीट पकडावी आणि आलेपाक जवळ ठेवावा. मी मात्र माझं वीस पानी भाषण जवळ ठेवलं होतं. हर्ष, मोद, प्रमोद, आल्हाद, उल्हास, सगळे शब्द ओळीने उभे केले होते. ते मी शोभाताईला मोठ्याने वाचून दाखवत होते. बांद्याला गाडी थांबली तेव्हा कळलं, बाईसाहेब आंबोलीपासून झोपल्या होत्या.

पेडण्याच्या फाट्यावर रजनी रिक्षा घेऊन उभी होती. तिच्या घरी उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं हुमण, म्हणजे कालवण. शोभाताईने तिसऱ्यांदा भात घेतला आणि माझ्याकडे बघणं टाळलं. जेवताना मी रजनीला म्हटलं, “तुमची आशा पुरी झाली म्हणजे मिळवलं.”

“कसली आशा?”

“तुम्हीच म्हणालात, सगळ्यांना उमेद झाली.”

रजनी इतकी हसली की तिला ठसका लागला. “अहो बाई, आमच्याकडे उमेद झाली म्हणजे आनंद झाला!”

घ्या! वीस पानं आनंदाच्या शब्दांची, आणि ज्या शब्दाने मला आमंत्रण आलं तोच माझ्याकडे नव्हता. संध्याकाळी मी रजनीच्या कॉम्प्युटरवर बसून एक नवं पान घाईघाईने टाइप केलं आणि छापून भाषणाच्या वर लावलं. मला तर गुदगुल्याच होत होत्या. पंचवीस वर्षं मराठी शिकवतेय, आणि घरापासून सहा तासांवर एका ओळखीच्या शब्दाने मला टांग मारली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रम होता. वाचनालयाची एकच लांबट खोली, भिंतीला लागून कपाटं, आणि साठेक माणसं. चहाच्या वेळी पांढऱ्या सदऱ्यातले एक उंच, ताठ गृहस्थ माझ्याजवळ आले. हे गणपत मास्तर, डिचोलीचे निवृत्त शिक्षक. त्यांची धाकटी बहीण पारू, गावची पारूमावशी, बहात्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी ती या वाचनालयात अक्षरं शिकायला लागली आणि आज माझ्या आधी सगळ्यांसमोर वाचणार होती.

“एक विनंती,” मास्तर आवाज खाली आणून म्हणाले. “ती वाचत नाही. पाठ म्हणते. गेल्या वर्षी मी डोळ्यांनी पाहिलं, पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य तिच्या तोंडात. लोक टाळ्या वाजवतात, मला मान वर करता येत नाही. तिला कधी न पाहिलेलं काहीतरी वाचायला द्या.”

“आणि नाही आलं तर? एवढ्या लोकांत?”

“तर निदान खरं काय ते कळेल.”

माणूस दुष्ट नव्हता. बहिणीच्या खोट्या टाळ्या त्याला खरोखर टोचत होत्या. पण मी तिच्या नकळत काही करणार नव्हते. सरळ पारूमावशीकडे गेले. हिरवी साडी, अंबाड्यात अबोली, मांडीवर मिटलेलं पुस्तक. मास्तर काय म्हणाले ते सगळं सांगितलं.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने नुसता पदर सारखा केला. “खरा ता. गेल्या वर्सा पाठच म्हटलंय. भियालंय गो, अक्षरां नाचूक लागली.” मग पुस्तक बाजूला ठेवून हात पुढे केला. “औंदा वाचतंय. तुजो कागद दी.”

कुणीही न पाहिलेला कागद माझ्याकडे एकच होता, काल संध्याकाळचा. तो दिला.

ती उभी राहिली. कागद दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला. “पे-ड-ण्या-त... उ-मे-द... म्ह-ण-जे...” एकेक अक्षर विहिरीतून कळशी ओढावी तसं वर येत होतं. रजनीने माझं मनगट घट्ट धरलं होतं. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत मावशी थांबली. बोट शब्दावर ठेवलं. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबली. मास्तरांनी मान खाली घातली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

“बाई,” मावशी माझ्याकडे वळून म्हणाली, “ह्या चुकला.”

“काय?”

“हय ‘आंनद’ लिवलांहा. टिंब भलत्याच्याच डोक्यार बसलाहा!”

मी कागद बघितला. खरंच! ‘आनंद’ या शब्दात, आनंदावरच्या भाषणात, मराठीच्या शिक्षिकेने अनुस्वार चुकीच्या अक्षरावर दिला होता. मुलांचा मी याच चुकीला अर्धा गुण कापते.

मास्तर उठले. चष्मा पुसला, पुढे आले, कागद डोळ्यांजवळ धरला. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. “चूक आहे,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. “पाठ म्हणणाऱ्याला ही दिसली नसती. पारू, तू वाचतेस गो!”

मग जे झालं त्याला आरडाओरडा हाच शब्द. बायका हसताहेत, रडताहेत, कुणीतरी कपाट वाजवतंय. शोभाताई माझ्याच फजितीला शिट्टी मारत होती. ती शिट्टी मारते हे मला लग्नाला तीस वर्षं होऊन माहीत नव्हतं! माझं भाषण कुणालाच आठवलं नाही, मलाही नाही. “कदेलां सरयात!” अशी हाक आली, खुर्च्या भिंतीला गेल्या आणि फुगडी सुरू झाली. पारूमावशीने माझे हात धरले. गुडघ्याचं सांगायला मी तोंड उघडलं तोवर खोली फिरायला लागली होती. कपाटं, अबोली, मास्तरांचा पांढरा सदरा, सगळं गरगर. थांबलो तेव्हा मी जमिनीवर बसून खिदळत होते, आणि उठवायला आलेली रजनीही शेजारी बसून खिदळत होती.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी आम्हाला आणि मावशीला डिचोलीला नेलं. पेडण्याहून म्हापसा, तिथून दुसरी बस. बस लहान, कंडक्टर शिट्टीवर गाडी चालवतो, आणि उभं राहिलात तर डोकं सांभाळा. बाजारात पातळ भाजी आणि गरम पाव जरूर खा. सकाळी दहाच्या आत जा, नंतर पाव संपतात.

भाजीपाव खाता खाता मास्तर एकदम बोलायला लागले. “लहानपणी मी शाळेत बसायचो, ही दुपारी माझा डबा घेऊन यायची. बाहेर उभी राहायची, डबा रिकामा झाला की परत. मी पुढे अर्ध्या तालुक्याला शिकवलं. हिला एक अक्षर नाही. हिने विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.”

“आता पुरे,” मावशी म्हणाली. “चाय थंड जाता.”

मास्तरांनी डोळे पुसले, चहा प्यायले. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून म्हणाले, “तुमच्या यादीत अजून एक शब्द घाला. धादोस. जीव शांत होतो, आता काही नको वाटतं, त्या आनंदाला आमच्याकडे धादोस म्हणतात. आज मी धादोस आहे.”

दुपारी मये तळ्यावर गेलो. पायडल मारायच्या होडीत मावशी आणि शोभाताई बसल्या आणि एकाच जागी गोल गोल फिरत राहिल्या. दोघींना काठावर आणायला दुसरी होडी पाठवावी लागली. संध्याकाळी साखळीहून चोर्ला घाटाने बेळगाव आणि पुढे कोल्हापूर.

घरी येऊन पेपरांचा गठ्ठा पुन्हा उघडला. भाषणाची वीस पानं कुठे राहिली कोण जाणे, मी रजनीला विचारलंही नाही. दोन शब्द आणले, तेवढे वर्गात वापरून झाले. मुलांना ‘धादोस’ म्हणायला फार आवडतं, विशेषतः शेवटच्या तासाची घंटा झाल्यावर.

पंधरा दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं. अक्षरं मोठी, ओळी उतरत्या. पारूमावशीचं.

“बाई, मी बरी आसय. परवा बसने पणजीक गेलंय. वाटेवरच्यो सगळ्यो पाट्यो मोठ्यान वाचल्यंय. कंडक्टर म्हणता, आजी, हळू वाच. मी सांगलंय, तू तिकिटां फाड. बहात्तर वर्सां मी ह्यो नुसत्यो बघीत इलंय.”